पॅडींची संध्याकाळ: गेलेल्या खेळाडूची आठवण आपल्या गच्चीवर कशी जागवावी

3 मार्च 2025 ला मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर, म्हणजे सगळ्यांचे पॅडी, गेले. बातमी आली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. बाबांना आता फार कमी ऐकू येतं, म्हणून कागदावर लिहून दाखवलं: पॅडी गेले. त्यांनी तो कागद बराच वेळ हातात धरला आणि त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीची उपांत्य फेरी होती. आपली टीम ऑस्ट्रेलियासमोर दंडाला काळी फीत बांधून उतरली, ती शिवलकरांसाठी. ज्या माणसाला भारताची टोपी, म्हणजे भारताकडून खेळायची संधी, कधी मिळाली नाही, त्याच्यासाठी भारताची टीम फीत बांधून उभी होती. बाबांनी टीव्हीच्या काचेवर बोट ठेवून ती फीत मला दाखवली. त्या दिवशी कोहलीनं 84 केल्या आणि पॅडींचं वयही 84 होतं. मी मैदानावर स्कोअर लिहिते, त्यामुळे असे आकडे माझ्या नजरेतून सुटत नाहीत.

त्यानंतर आम्ही ठाण्यात, नौपाड्यात आमच्या गच्चीवर त्यांच्या आठवणींची एक संध्याकाळ केली. तेव्हापासून दोन-तीन ठिकाणांहून विचारणा झाली की हे कसं केलंत, आम्हालाही आमच्या एका कबड्डीपटूसाठी करायचंय. म्हणून सगळं इथे लिहून ठेवते.

आधी दिवस ठरवा, पण घाई करू नका. पहिले तेरा दिवस घरच्यांचे असतात. आपण चाहते आहोत, आपली पाळी नंतर. मार्च म्हणजे बोर्डाच्या परीक्षा, तेव्हा दहावीचे पेपर संपेपर्यंत थांबलो आणि पाडव्याच्या आधीचा रविवार धरला, 23 मार्च. त्याच दिवशी साडेसातला आयपीएलमध्ये मुंबई आणि चेन्नई खेळणार होते, तेही चेन्नईच्या चेपॉक मैदानावर. काही जण म्हणाले, लोक येणार नाहीत, दिवस बदला. मी हट्टानं तोच ठेवला. कारण पॅडींची सगळ्यात मोठी कामगिरी चेपॉकवरची आणि समोर मद्रासचीच माणसं. पाचला सुरू करून सातला संपवायचं ठरलं. गच्ची भरली होती.

हॉल घेऊ नका असं मी स्पष्ट सांगेन. हॉल घेतला की व्यासपीठ येतं, व्यासपीठ आलं की खुर्च्यांचा मान येतो, मग प्रमुख पाहुणे, मग शाली. ज्याच्यासाठी जमलो तो कोपऱ्यातल्या फोटोत राहतो. गच्ची, पार्किंग, मैदानाचा कट्टा, काहीही चालेल. सोसायटीच्या सेक्रेटरींना आठ दिवस आधी दोन ओळींचं पत्र द्या. माईक लावू नका. चाळीस माणसं एकमेकांचं ऐकू शकतात. आमची लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंतच जाते, पुढचा जिना चढायला ज्येष्ठांना त्रास होतो, म्हणून मधल्या वळणावर दोन खुर्च्या ठेवल्या. ही व्यवस्था विसरू नका. ज्यांनी त्या खेळाडूला खरंच पाहिलंय ती माणसं आता पंचाहत्तरीच्या पुढची आहेत.

बोलावायचं कोणाला? ज्यांच्या डोळ्यांत तो खेळाडू आहे, त्यांना. मी दोन रविवार सकाळी सेंट्रल मैदानावर आणि दादोजी कोंडदेव स्टेडियमच्या बाहेर उभी राहून वयस्कर माणसांना एकच विचारत होते, "काका, तुम्ही शिवलकरांना कुठे पाहिलंत?" 'ग्रेट बॉलर होता' म्हणणारे पुष्कळ भेटले. पण 'ब्रेबर्नला, नॉर्थ स्टँडमध्ये, ऊन डोळ्यांवर येत होतं' असं कोणी म्हणालं की त्यांचा नंबर लिहून घ्यायचा. असे सात जण मिळाले. त्यांत एक निवृत्त अंपायर होते, एक मुंबईच्या पावसाळी कांगा लीगमध्ये विकेटकीपिंग केलेले आणि एक मैदानावर रोलर ओढणारे मामा. मामांचं बोलणं सगळ्यांत चांगलं झालं. पॅडी सामन्याआधी पिचजवळ येऊन नुसते उभे राहायचे, एवढंच ते बोलले आणि कसे उभे राहायचे ते उभं राहून दाखवलं.

आता आकडे. इथे माझी स्वतःची चूक सांगते. फलकावरचा मजकूर मी फोनवरून सांगितला आणि 589 चे 598 छापून आले. नऊ विकेट जास्त, पण ज्यांनी एकेक विकेट मोजून घेतली त्यांच्याबाबतीत जास्तही चालत नाही. फलक बाजूला ठेवला आणि माझ्या भाचीनं पुठ्ठ्यावर हातानं लिहिलं: 124 प्रथम श्रेणी सामने, 589 विकेट, त्यांतल्या 361 रणजी करंडकात. पहिला मोसम 1961-62, शेवटचा 1987-88. तेव्हा आकडे फोनवर सांगू नका. कागदावर लिहा, दोन वेगळ्या ठिकाणी ताडून पाहा आणि जे जुळत नाही ते फलकावर घेऊच नका.

फोटोपेक्षा मोठी जागा द्या एका डावाला. संपूर्ण कारकीर्द दोन तासांत मावत नाही, एक सामना मावतो. आम्ही चेपॉकवरचीच, 1972-73 ची रणजी अंतिम लढत घेतली. मुंबईचा कप्तान अजित वाडेकर. शाळेतला जुना फळा भिंतीला टेकवून मी मधोमध लिहिलं: मुंबई 151 आणि 113, तामिळनाडू 80 आणि 61. हे चार आकडे वाचूनच कळतं की पिच कसलं होतं. मग खाली शिवलकर: पहिल्या डावात 16 धावांत 8 विकेट, दुसऱ्यात 18 धावांत 5. चौतीस धावांत तेरा माणसं. मुंबई 123 धावांनी जिंकली आणि रणजी करंडक सलग पंधराव्यांदा घरी आला.

मुलांना हे आकडे नुसते ऐकवून भागत नाही, म्हणून मी त्यांना स्कोअर लिहायला शिकवलं. बॉलरच्या नावापुढे चौकोनांची रांग असते, एक चौकोन म्हणजे एक ओव्हर. धाव गेली नाही की टिंब. अशी सहा टिंबं पडली की ती रेषेनं जोडून एम करायचा, म्हणजे मेडन. धाव एकही नाही पण विकेट आहे, तर तीच टिंबं डब्ल्यूसारखी जोडायची. प्रत्येक मुलाच्या हातात खडू दिला आणि मी तोंडानं ओव्हर सांगत गेले, टिंब, टिंब, टिंब. सहावं टिंब पडताना त्यांचे श्वास थांबत होते. अर्ध्या तासात फळ्यावर एम-एम अशी माळ झाली. निर्धाव षटक टाकणं म्हणजे काय, हे त्यांना हातातून कळलं.

मोठ्यांसाठी एकच नियम केला: प्रत्येकानं एक प्रसंग सांगायचा, मैदानाचं नाव घ्यायचं आणि हातात चेंडू धरून बोलायचं. जुना, शिवण उसवलेला लाल चेंडू हातोहात फिरत होता. हातात चेंडू असला की माणूस भाषण करत नाही, बोटं आपोआप शिवणीवर जातात आणि गोष्ट निघते.

बाबांची पाळी आली तेव्हा त्यांनी चेंडू मला दिला आणि काठी बॅटसारखी धरली. तरुणपणी ते एकदा पॅडींसमोर खेळले होते, पावसाळ्यातल्या एका रविवारी. डावा पाय पुढे टाकून म्हणाले, "बॉल मला इथे पडणार असं दिसलं." मग काठी सरकवून म्हणाले, "आणि पडला इथे." दोन जागांमध्ये दीड वीत अंतर होतं. "तोवर मी क्रीज सोडलेली. मागे वळून बघितलं नाही, बेल्स पडल्याचा आवाज आला." मग ते तसेच पाय पुढे टाकून थोडा वेळ उभे राहिले. दीड वीत. फ्लाइट, म्हणजे चेंडूनं हवेतच फलंदाजाला फसवणं, हे मी इतकी वर्षं स्कोअररच्या टेबलावरून पाहत होते, समजलं त्या दिवशी.

अन्यायाचा विषय निघणारच. बिशनसिंग बेदी त्याच काळात, त्याच डाव्या हातानं टाकत होते. 67 कसोटी, 266 विकेट. त्यांच्यामुळे शिवलकर बाहेर राहिले आणि हरियाणाचे राजिंदर गोयलही. गोयलांच्या 750 विकेट, तरी एकही कसोटी नाही. क्रिकेट बोर्डानं 2017 मध्ये शिवलकर आणि गोयल या दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार एकत्र दिला. ही हळहळ मलाही आहे, बाबांना तर फारच. पण तिला दहा मिनिटं द्या आणि मग कोणीतरी प्रेमानं विषय वळवा. आमच्याकडे अंपायर काकांनी वळवला. म्हणाले, "अरे, तो टाकायचा कसा ते सांगा ना." न मिळालेल्या टोपीवरच दोन तास गेले तर त्या माणसानं सव्वीस वर्षं टाकलेले चेंडू राहून जातात.

माझी मावसबहीण अमेरिकेत असते. तिनं सांगितलं, तिथे बेसबॉलमध्ये वर्णभेदाची भिंत मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनचा 42 नंबर सगळ्याच टीमनी 1997 मध्ये कायमचा काढून ठेवला आणि दर 15 एप्रिलला सगळे खेळाडू त्याच्या आठवणीत 42 घालून उतरतात. मला हे फार भावलं. पॅडींच्या काळी पाठीवर नंबर नसायचा. मग मुलांनी जुन्या पांढऱ्या टी-शर्टवर मार्करनं 589 लिहिलं. शेवटी खडूनं ताटाएवढं वर्तुळ काढलं, स्टंपपासून साधारण चार पावलांवर, आणि टेनिस बॉलनं प्रत्येकानं सहा चेंडू त्यात पाडायचा प्रयत्न केला. नंतर वर्तुळ वाटीएवढं केलं. मुलं आपणहून गप्प झाली आणि एकाग्र झाली. एका मिनिटाचं मौन वेगळं पाळावं लागलं नाही.

कोणी जुनं स्कोअरबुक किंवा कात्रण आणलं तर हाताळण्याची काळजी घ्या. सपाट टेबलावर, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता मोबाइलवर फोटो काढा. एका पानाचे दोन काढा, एक पूर्ण, एक जवळून. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडते आणि अक्षर खाते. फोटोखाली कोणाकडून आलं, कुठला सामना, तारीख, हे लगेच लिहा. बोलणं रेकॉर्ड करताना आधी विचारा. मामांनी नको सांगितलं, आम्ही फोन बंद केला.

खाण्याला वडापाव आणि चहा. माणशी पन्नास रुपये वर्गणी पुरली.

ज्याचं ते त्याला आठवड्याच्या आत परत करा, आणि कुरिअरनं नको, स्वतः जाऊन. कोपरीतल्या एका काकूंनी यजमानांचं स्कोअरबुक दिलं होतं. परत द्यायला गेले तर त्यांनी विचारलं, "यात ह्यांचं अक्षर कुठलं?" इतकी वर्षं ते कपाटात होतं, पण त्यांना वाचून कोणी दाखवलंच नव्हतं. मी तासभर बसले, एकेक ओव्हर वाचली. परत करायला जाताना तासभर वेळ काढूनच जा.

पुढची तारीख मात्र जाण्याच्या दिवसाची धरू नका, जन्माची धरा. पॅडींचा 14 सप्टेंबर, 1940 चा. कांगा लीगचा मोसम, त्यांच्या हाताला आवडणारी ओली जमीन. 2025 ला तो रविवारीच आला. पावसाचा भरवसा नाही म्हणून सकाळी पार्किंगमध्ये जमलो. 589 चे टी-शर्ट घातलेली मुलं आधीच खाली उभी होती. ओल्या फरशीवर खडू उमटत नाही, त्यामुळे वर्तुळासाठी चुन्याची पुडी जवळ ठेवा.