रोड, स्ट्रीट की लेन? इंग्रजीत रस्त्याविषयी नेमके कसे लिहावे

बेळगाव, खानापूर आणि निपाणी या पट्ट्यातील मराठी माणूस दिवसभरात रस्त्याला किती नावांनी हाक मारतो, हे त्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. शेताकडे जाताना ती पाणंद असते, डोंगरात पायवाट, शहरात गल्ली किंवा बोळ, कन्नड शेजाऱ्याशी बोलताना ओणी, आणि गावाबाहेर पडले की हायवे. मात्र हाच माणूस इंग्रजीत अर्ज, पत्ता किंवा पत्र लिहायला बसला की या साऱ्यांसाठी ‘रोड’ हा एकच शब्द वापरून मोकळा होतो. इंग्रजीतही या प्रत्येकासाठी निराळा शब्द आहे. तो निवडताना पुढील क्रमाने विचार करावा.

१. रस्ता कशासाठी आहे, ते आधी पाहावे

एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणारा तो ‘रोड’, आणि दोन्ही बाजूंना घरे किंवा दुकाने असलेला वस्तीतला रस्ता म्हणजे ‘स्ट्रीट’, हा मूळ भेद होय. ‘रोड’ हा शब्द घोड्यावरून जाणे या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून आला असून ‘राइड’ हे क्रियापद त्याच कुळातले आहे. ‘स्ट्रीट’ मात्र फरसबंदी वाट या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला. त्यामुळे हिंडलगा, शिनोळीमार्गे जाणारा बेळगाव–वेंगुर्ला रस्ता हा रोडच, तर बेळगावच्या कॅम्पातील, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातील, हाय स्ट्रीट ही स्ट्रीट. तेथील ‘हाय’चा उंचीशी काही संबंध नाही, इंग्लंडमधील गावोगावी मुख्य बाजाराच्या रस्त्याला हेच नाव असते. अर्थात प्रत्यक्षातली नावे हा भेद नेहमी पाळत नाहीत. कॉलेज रोडच्या दोन्ही बाजूंना दुकाने आहेत म्हणून त्याला कोणी स्ट्रीट म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

पुणे–बंगळूर महामार्गासाठी ‘हायवे’ हा शब्द निर्विवाद आहे. त्याचा जुना क्रमांक ४ आजही लोकांच्या तोंडी असला, तरी लेखी मजकुरात सध्याचा ४८ हाच क्रमांक द्यावा.

२. लहान वाटांसाठी घाईने ‘लेन’ लिहू नये

गल्लीसाठी ‘लेन’ हा शब्द शाळेत पाठ झालेला असतो. पण लेन म्हणजे अरुंद वाट; आपल्याकडील गणपत गल्ली ही तर भर बाजारपेठ आहे. तिचे वर्णन करताना ‘नॅरो लेन’ लिहिले, तर परगावच्या वाचकासमोर दोन माणसांना जेमतेम जाता येईल असा बोळ उभा राहतो. तेथे ‘मार्केट स्ट्रीट’ किंवा ‘शॉपिंग स्ट्रीट’ शोभते. बोळासाठी ‘अ‍ॅली’ हा शब्द राखून ठेवावा. शिवाय महामार्गावर पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेल्या प्रत्येक भागालाही लेनच म्हणतात, म्हणून ‘फोर-लेन हायवे’ हा चौपदरी रस्ता असतो.

पाणंदीला मात्र बरोबर जुळणारा शब्द नाही. दोन शेतांच्या मधून गेलेली, कडेला झुडपे, मधोमध गाडीच्या चाकोऱ्या आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल, हे सारे एका इंग्रजी शब्दात मावणे कठीण; तरी ‘फार्म ट्रॅक’ किंवा ‘कार्ट ट्रॅक’ म्हटले तर अर्थ पोहोचतो. शहरातल्या पदपथाला ‘फुटपाथ’ म्हणताना जपावे. ब्रिटिश इंग्रजीत फुटपाथ म्हणजे बहुधा रानातली, शेतातली पायवाटच. शहरातल्या उंचवट्याच्या पदपथाला तेथे ‘पेव्हमेंट’ आणि अमेरिकेत ‘साइडवॉक’ म्हणतात. अमेरिकेत पेव्हमेंट म्हणजे बहुतेक वेळा रस्त्याचा पक्का पृष्ठभाग असल्यामुळे ‘पेव्हमेंटवरून चाला’ हा सल्ला तेथील पाहुण्याला देणे धोक्याचे आहे.

३. पत्त्यातील नावाचे भाषांतर करू नये

रामदेव गल्लीची ‘रामदेव लेन’ केली, तर पत्र वाटणाऱ्याची पंचाईत होते. गल्ली, पेठ, खडेबाजार, वाडी हे शब्द जसेच्या तसे इंग्रजी अक्षरांत लिहावेत. काँग्रेसच्या १९२४ च्या बेळगाव अधिवेशनाची आठवण सांगणारा टिळकवाडीतील काँग्रेस रोड काँग्रेस रोडच राहतो. भाग्यनगरसारख्या वसाहतींतील ‘सेकंड क्रॉस’ हाही पत्त्याचाच भाग असल्याने तो गाळू नये. मात्र हा शब्द दक्षिण भारताबाहेर फारसा समजत नाही, म्हणून दूरच्या पाहुण्याला सांगताना ‘सेकंड साइड स्ट्रीट’ असे स्पष्ट करावे. क्रम असा ठेवावा: घर क्रमांक, क्रॉस किंवा गल्ली, वसाहत, शहर, पिन. टिळकवाडीचा पिन ५९०००६ आहे.

स्ट्रीटचे ‘एस-टी’ असे संक्षिप्त रूप टाळलेले बरे, कारण तीच अक्षरे ‘सेंट’साठीही वापरली जातात आणि कॅम्पात सेंटच्या नावाच्या शाळा आहेत.

४. वाक्यात वापरताना शब्दयोगी आणि क्रियापद तपासावे

सर्वाधिक चुका येथेच होतात. मराठीतील ‘हा रस्ता खानापूरला जातो का?’ या प्रश्नासाठी ‘इज धिस रोड गोइंग टू खानापूर?’ असे सर्रास विचारले जाते. रस्ता कायमचा तेथे जात असल्यामुळे इंग्रजीत साधा वर्तमानकाळ हवा: ‘डझ धिस रोड गो टू खानापूर?’ रस्त्याबरोबर ‘ऑन’ येते, ‘ऑन कॉलेज रोड’. स्ट्रीटबरोबर ब्रिटिश ‘इन’ आणि अमेरिकन ‘ऑन’ वापरतात. घर क्रमांक दिला की ‘अ‍ॅट’. नावाआधी ‘द’ लावत नाहीत, परंतु खानापूरकडे जाणारा रस्ता एवढाच अर्थ असेल तर ‘द खानापूर रोड’ चालते. प्रवासाचे साधन सांगताना ‘बाय रोड’ पुरेसे आहे.

५. ‘वे’ आणि ‘रूट’ वेगळे ठेवावेत

गोव्याला जांबोटी–चोर्ला घाटातून जावे की खानापूर, लोंढा, अनमोडवरून, हा प्रश्न ‘रूट’चा आहे, कारण त्यात अनेक रस्ते जोडून मार्ग ठरतो. ‘मी वाटेत आहे’ यासाठी ‘ऑन द वे’ म्हणावे. ‘ऑन द रोड’ म्हणजे प्रवासात, फिरतीवर. ‘इन द वे’ म्हणजे आडवे येणे, तेव्हा एका शब्दयोगीने अर्थ पार उलटतो. ऊसदरासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले, या बातमीत ‘टुक टू द स्ट्रीट्स’ येते, रोड येत नाही. एखाद्याचे कुटुंब रस्त्यावर आले असे म्हणायचे असले, तरी इंग्रजीत ‘ऑन द स्ट्रीट्स’ असे स्ट्रीटच वापरतात. आणि ‘वाट पाहणे’ यात वाट असली, तरी इंग्रजीत तेथे ना रोड, ना वे. सरळ ‘वेट’ लिहावे.