गाडीचा हप्ता झेपतो, पण गाडी झेपते का? पगाराच्या हिशेबातल्या या चुका टाळा

शोरूममध्ये बसल्यावर सेल्समन दोन प्रश्न विचारतो. "बजेट किती?" आणि थोड्या वेळाने, "महिन्याला किती जमेल?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं की पुढचं काम त्याला सोपं जातं. कर्जाची मुदत ताणली की जवळपास कुठलीही गाडी त्या आकड्यात बसवता येते. बहुतेक घरांचं गणित इथूनच बिघडायला लागतं, पण ते कळतं वर्षा-दीड वर्षाने, जेव्हा इन्शुरन्सचं रिन्यूअल, टायर आणि शाळेची फी एकाच महिन्यात येतात.

पॅकेजवरून गाडी ठरवणं

"माझं १२ लाखांचं पॅकेज आहे, १० लाखांची गाडी चालेल." हे वाक्य सर्रास ऐकू येतं. त्या १२ लाखांची फोड करून बघा. त्यात १० टक्के व्हेरिएबल, म्हणजे १ लाख २० हजार. ते वर्षाच्या शेवटी येतं, कधी पूर्ण येतच नाही. बेसिक महिना ५० हजार असेल, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ वर्षाला ७२ हजार आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे २९ हजार, दोन्ही पॅकेजमध्येच मोजलेले असतात. शिवाय तुमच्या वाट्याचा पीएफ आणखी ७२ हजार, व्यवसाय कर अडीच हजार. नव्या कररचनेत या उत्पन्नावर आयकर लागत नाही असं धरलं, तरी खात्यात महिन्याला साधारण ७५ हजार पडतात. वर्षाचे ९ लाख. गाडीचं गणित या ७५ हजारांवर करायचं.

व्यवसाय किंवा शेती असेल तर गेल्या तीन वर्षांतलं सगळ्यांत कमी उत्पन्नाचं वर्ष धरा. सरासरी फसवते, कारण हप्ता वाईट वर्षातही तेवढाच असतो. आणि करात खर्च दाखवता यावा म्हणून गाडी कंपनीच्या नावावर घ्यायचा विचार असेल, तर आधी हे पाहा: महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या गाडीला २० टक्के रोड टॅक्स लागतो.

२०-४-१० चा नियम जसाच्या तसा उचलणं

इंटरनेटवर हा नियम सगळीकडे सापडतो: २० टक्के डाउन पेमेंट, जास्तीत जास्त ४ वर्षांचं कर्ज, आणि गाडीचा एकूण मासिक खर्च उत्पन्नाच्या १० टक्क्यांत. नियम अमेरिकेतला. पहिले दोन आकडे आपल्याकडेही नीट लागू पडतात. तिसरा मात्र आपल्या पगारांना आणि पेट्रोलच्या भावाला पेलत नाही. ७५ हजारांचे १० टक्के म्हणजे साडेसात हजार. एवढ्यात छोटी गाडी नुसती चालवणंही अवघड, हप्ता दूरच. मग लोक "हा नियम आपल्यासाठी नाही" म्हणून सगळाच नियम सोडून देतात आणि थेट ३० टक्क्यांवर जातात.

आपल्याकडे वापरता येईल अशी मर्यादा ही: हप्ता, पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग, पार्किंग सगळं मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या १५ टक्क्यांत बसलं तर उत्तम, २० टक्के ही शेवटची रेघ. घराचा हप्ता चालू असेल, तर सगळे हप्ते मिळून ४० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. बँक याहून जास्त मंजूर करेल. पण बँक फक्त कर्ज वसूल होईल की नाही ते बघते; तुमच्या घरखर्चाशी तिला देणंघेणं नसतं.

आधी हप्ता, मग बाकीचं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. हिशेब उलटा करायला हवा: आधी गाडी चालवण्याचा खर्च वजा करायचा आणि जे उरेल तो हप्ता.

पेट्रोलवरच्या छोट्या गाडीचा, महिना ७०० किलोमीटर वापराचा हिशेब असा. शहराच्या ट्रॅफिकमध्ये लिटरला १५ किलोमीटर धरा. जाहिरातीतलं २२-२३ चं ॲव्हरेज पुण्या-ठाण्याच्या रस्त्यांवर मिळत नाही. पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरलं, तर सुमारे ४,८५० रुपये. विमा वर्षाला १८ हजार, म्हणजे महिना १,५००. सर्व्हिसिंगचे ८००. चार टायर २२ हजारांचे, ४० हजार किलोमीटरला बदलावे लागतात. बॅटरी तीन-चार वर्षांनी. या दोन्हींचे मिळून महिना ५०० बाजूला काढा. सोसायटीचं पार्किंग आणि गाडी धुणारा १,२००. टोल, पीयूसी, किरकोळ ५००. बेरीज ९,३५० च्या आसपास.

आता ७५ हजारांचे २० टक्के, १५ हजार. त्यातून ९,३५० गेले. हप्त्याला उरले ५,६५०. नऊ टक्के दराने ४ वर्षांसाठी एक लाखाचा हप्ता २,४८९ रुपये येतो. म्हणजे कर्ज सव्वादोन लाख. साठवलेले साडेचार लाख असतील, तर ऑन-रोड, म्हणजे टॅक्स-विम्यासकट, पावणेसात लाखांची गाडी. १२ लाखांच्या पॅकेजला झेपणारी गाडी ही आहे, दहा-साडेदहा लाखांची नव्हे. आकडा बोचतो खरा.

हातात ५० हजार येत असतील तर २० टक्के म्हणजे १० हजार, आणि चालवण्यातच ९,३५० जातात. या पगारात कर्ज काढून नवी गाडी बसतच नाही. रोखीने घेतलेली, चार-पाच वर्षं जुनी, सर्व्हिस रेकॉर्ड असलेली गाडी बसते. किंवा वापर महिना ३०० किलोमीटरवर आणला, तर पेट्रोलचे पावणेतीन हजार वाचतात.

एक सूट या हिशेबात देता येते. गाडीमुळे खरोखर बंद होणारा खर्च, म्हणजे रोजची रिक्षा-कॅब किंवा दुसऱ्या दुचाकीचं पेट्रोल, वजा करा. मात्र गेल्या तीन महिन्यांच्या यूपीआय आणि बँक स्टेटमेंटमधून प्रत्यक्ष आकडा काढा, अंदाजाने नको. शिवाय गाडी आली की महाबळेश्वर, अलिबाग, गावच्या फेऱ्या वाढतात. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कारला एका बाजूचा ३२० रुपये टोल आहे, आणि १५ ऑगस्ट २०२५ पासून ३,००० रुपयांत सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास तिथे चालत नाही; तो राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. समृद्धीवरही तेच.

एक्स-शोरूम किमतीवर बेत आखणं

९ लाख एक्स-शोरूमची पेट्रोल गाडी महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर घेतली, तर १० लाखांपर्यंतच्या गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे ९९ हजार. विमा ४० हजारांच्या आसपास. रजिस्ट्रेशन, फास्टॅग, कर्जाचा बोजा चढवण्याची फी, फूटमॅट आणि सीट कव्हर धरून साडेदहा लाखांचा कोट हातात पडतो. डिझेलला याच टप्प्यात १३ टक्के. गाडीची किंमत १० लाखांवर गेली की डीलर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच कापला जाणारा आगाऊ आयकर, घेतो. हा पैसा बुडत नाही, आयकरात वळता होतो, पण त्यासाठी रिटर्न भरावं लागतं.

कोटेशनमध्ये "हँडलिंग चार्ज", "लॉजिस्टिक चार्ज" अशी ओळ असेल तर त्यावर काट मारायला सांगा. हा सरकारी आकार नाही. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नसते. त्याच आयडीव्हीचं (विम्याने धरलेली गाडीची किंमत) आणि त्याच ॲड-ऑनचं दुसरं कोटेशन दाखवलं की काही हजार बऱ्याचदा तिथेच उतरतात. पहिल्या वर्षीचा विमा जड दिसतो, कारण नव्या कारला थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता ३ वर्षांचा एकदम भरावा लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फक्त ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, भरायचा असतो. तो कमी आकडा कायमचा समजू नका. चौथ्या वर्षी थर्ड पार्टी परत जोडला जातो. जुनी गाडी विकून नवी घेणार असाल, तर जुन्या पॉलिसीचा नो क्लेम बोनस नवीवर आणा. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो, आणि ओन डॅमेजवर ५० टक्क्यांपर्यंत सूट देतो. डीलर हे आपणहून फारसं सांगत नाहीत.

सात वर्षांचं कर्ज

८ लाखांचं कर्ज, ९ टक्के दर. ४ वर्षांना हप्ता १९,९०८ आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ५६ हजार. ५ वर्षांना १६,६०७ आणि १ लाख ९६ हजार. ७ वर्षांना १२,८७१ आणि २ लाख ८१ हजार. चारवरून सातवर गेलं की महिन्याला ७ हजार सुटल्यासारखे वाटतात, आणि व्याज सव्वा लाखाने वाढतं.

व्याजापेक्षा मोठा धोका वेगळाच. गाडीची किंमत कर्जापेक्षा वेगाने उतरते. वरची साडेदहा लाखांची गाडी "झिरो डाउन पेमेंट"वर ७ वर्षांसाठी घेतली, तर ३ वर्षं नियमित हप्ते भरूनही ६ लाख ७९ हजार देणं बाकी असतं. चौथ्या वर्षात विम्याच्या तक्त्याप्रमाणे घसारा ४० टक्के; ९ लाखांच्या गाडीची आयडीव्ही ५ लाख ४० हजार. त्या वर्षी गाडी चोरीला गेली किंवा पुरात पूर्ण निकामी झाली, तर क्लेम पास होऊनही बँकेला खिशातून १ लाख ३९ हजार द्यावे लागतील, आणि दारात गाडी नसेल. रिटर्न टू इन्व्हॉइस हे आयडीव्हीऐवजी बिलाची रक्कम देणारं ॲड-ऑन घेतलं तर ही दरी बुजते, पण ते बहुधा गाडी नवी असतानाच मिळतं. खात्रीचा उपाय म्हणजे ऑन-रोड किमतीच्या निदान २० टक्के रक्कम पदरची घालणं. तीही घरातला सहा महिन्यांचा अडीअडचणीचा पैसा मोडून नव्हे.

"सात वर्षांचं घेऊ आणि लवकर फेडू" म्हणणाऱ्यांनी सॅंक्शन लेटर वाचावं. कारचं कर्ज बहुधा फिक्स्ड दराचं असतं. त्यावर मुदतीआधी फेडल्यास आकार लागू शकतो, आणि काही बँका पहिले सहा किंवा बारा महिने फेडूच देत नाहीत.

"आठ टक्के" ऐकून सही करणं

सेकंड हँड गाडीच्या कर्जात ही फसगत जास्त होते. "फक्त ८ टक्के" म्हणजे कित्येकदा फ्लॅट ८ टक्के. ४ लाखांवर ५ वर्षांचं व्याज सरळ १ लाख ६० हजार, हप्ता ९,३३३. यात तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज पहिल्या दिवसाच्या ४ लाखांवरच चालू राहतं. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हा दर १४ टक्क्यांच्या वर जातो. दर ऐकू नका, हप्ता आणि महिने विचारा. दोन्हींचा गुणाकार करून मुद्दल वजा केलं की खरं व्याज समोर येतं.

सीएनजीने पैसे वाचतातच असं धरून चालणं

पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ६ रुपये ९३ पैसे. सीएनजी किलोला ९० रुपये आणि किलोत २५ किलोमीटर धरले तर ३ रुपये ६० पैसे. ऑन-रोड फरक ७५ हजार असेल, तर तो भरून निघायला साडेबावीस हजार किलोमीटर लागतात. महिना दीड हजार किलोमीटर चालवणाऱ्याला सव्वा वर्ष. ५०० चालवणाऱ्याला पावणेचार वर्षं, तीही पंपावरच्या रांगा आणि डिकीतल्या टाकीसकट. टाकीची दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट (दाब सोसण्याची चाचणी) करावी लागते, तो खर्चही यात धरलेला नाही.

चूक होऊन गेली असेल तर

आधी बँकेकडून फोरक्लोजर स्टेटमेंट मागा. त्यात बाकी मुद्दल आणि बंद करण्याचा आकार दोन्ही असतात. मग दोन-तीन ठिकाणी गाडीची किंमत काढा. किंमत बाकी कर्जापेक्षा जास्त असेल आणि एकूण खर्च पगाराच्या २५-३० टक्क्यांत गेला असेल, तर विकून लहान गाडीवर येणं शहाणपणाचं. किंमत कमी असेल, तर बोनसचा पैसा पार्ट पेमेंटला टाकून आधी ती दरी बुजवा, मग विका. हप्ता चुकवून वाट बघू नका. सिबिल उतरला की पुढच्या घराच्या कर्जाचा दरही चढतो. आणि पैसे वाचवायला ओन डॅमेज विमा बंद करणं हा उपाय अजिबात नाही, कर्ज चालू असताना तर नाहीच.

कर्ज चालू असलेली गाडी विकताना खरेदीदाराचे पैसे थेट कर्ज खात्यात जाऊ द्या. बँकेची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घेऊन आरटीओत आरसीवरचा बोजा उतरवा, मग फॉर्म २९ आणि ३० वर नाव बदला. कर्ज नियमित फेडून गाडी ठेवणाऱ्यांचंही इथेच राहून जातं. एनओसी कपाटात पडून राहते, तिची मुदत सहसा ९० दिवसांची असते, आणि पाच वर्षांनी गिऱ्हाईक दारात उभं असताना आरसीवर बँकेचं नाव तसंच दिसतं.