जरबेऱ्याची पानं करपली? थांबा, खत वाढवू नका

जरबेऱ्याच्या पानांच्या कडा करपल्या की आपला हात आधी खताकडे जातो. मीही तेच केलं होतं. फोंड्याजवळच्या शेडमधला तो पहिलाच मे महिना. टाकीतल्या खताच्या द्रावणाचा ईसी, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं मोजमाप, १.८, म्हणून मी निर्धास्त. दांडे आखूड यायला लागले तसा २.२ केला, तर फुलं आणखी लहान झाली. शेवटी कुंडीखाली निथळलेलं पाणी मोजलं, तर मीटरवर ३.४! कोकोपीटमध्ये, म्हणजे कुंडीतल्या नारळाच्या काथ्याच्या भुशात, क्षार साचले होते आणि मुळांना पाणीच ओढता येत नव्हतं.

उन्हाळ्यात झाड पाणी भराभर पितं, क्षार तेवढे घेत नाही. म्हणून तेव्हा द्रावण पातळ करायचं, दीडच्या आसपास, आणि दिलेल्या पाण्यातलं पाचव्या हिश्शापेक्षा थोडं जास्तच खालून वाहू द्यायचं. निचऱ्याचा ईसी टाकीपेक्षा एकाने वर गेला की पातळ द्रावणाने कुंड्या धुऊन काढा. पावसाळ्यात ऊन कमी, झाडाची तहानही कमी. तेव्हा द्रावण थोडं घट्ट चालतं. फक्त टाकीवर झाकण हवं, नाहीतर आपला पाऊस एका रात्रीत सगळा हिशेब बुडवतो.

किनाऱ्याजवळच्या विहिरींना एप्रिल-मेमध्ये खारटपणा येतो. पाण्याचाच ईसी ०.८ असेल आणि एकूण १.५ ठेवायचा असेल, तर खताला उरले ०.७. मीटर १.५ दाखवतो, झाड मात्र उपाशी. खत घालण्याआधी नुसतं पाणी मोजा.

दुसऱ्याचा आकडा उचलतानाही सांभाळा. टीडीएस मीटर, म्हणजे तेच क्षार पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती) दाखवणारे, दोन तऱ्हांचे असतात: १.५ ईसीचं तेच पाणी एकावर ७५० पीपीएम, दुसऱ्यावर १०५०. ईसीतच बोला, भांडणं वाचतात. आणि जरबेऱ्याचं द्रावण ऑर्किडला देऊ नका. नारळाच्या सोडणांवर वाढणाऱ्या डेंड्रोबियमला ०.५ ते १ पुरे. जास्त झालं की मुळांची टोकं काळी पडतात.

कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एकाच टाकीत दाट कालवलं की तळाशी पांढरा गाळ बसतो. तो जिप्सम. कॅल्शियम तिथेच अडकतं, वर ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या) तुंबतात. दोन वेगळ्या टाक्या ठेवा.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह विकत आणण्याआधी द्रावणाचा पीएच (आम्लतेचा आकडा) बघा. साडेसहाच्या वर असेल तर असलेलं लोहही झाडाला मिळत नाही. साडेपाच ते सहावर आणा. जुनी पानं तशी पिवळी पडत असतील तर मात्र मॅग्नेशियम कमी आहे.

एवढं करूनही झाड भर दुपारी माना टाकत असेल तर टाकीत हात घालून बघा. पाणी कोमट लागलं तर त्यात प्राणवायू कमी आणि मूळकुजीला आमंत्रण. माझी काळी टाकी आता फणसाच्या सावलीत आहे.