बर्फाच्या लादीवर नागमोडी ओहोळ कसा कोरावा

ग्रीनलंडच्या हिमस्तरावर उन्हाळ्यात वितळलेले पाणी नागमोडी ओहोळ कोरत वाहते. तिथे वाळू किंवा गाळ जवळजवळ नसतोच, तरीही वळणे पडतात. वळणासाठी गाळ साचावाच लागतो, हा समज त्यामुळे टिकत नाही. कोकणात बंदरावरच्या बर्फ कारखान्यातून एक लादी आणली, तर ही क्रिया अंगणातही पाहता येते.

त्यासाठी डिसेंबर-जानेवारीतली कोरड्या हवेची सकाळ आणि सावलीची जागा निवडावी. दमट हवेतली वाफ बर्फावर निवताना उष्णता सोडते आणि सगळा पृष्ठभागच झिजू लागतो. ओहोळाचा तळ मात्र भोवतालच्या बर्फापेक्षा वेगाने खोल गेला, तरच ओहोळ टिकतो. हिमनदीवरही हीच अट असते.

लादी गोणपाटावर ठेवून एक टोक दोन बोटे उचलावे आणि खिळ्याने वरपासून खालपर्यंत किंचित वळणाची उथळ रेघ ओढावी. पाणी गोडेच घ्यावे, कारण खाडीकाठच्या विहिरीचे मचूळ पाणी बर्फाचा वितळणबिंदूच खाली आणते. पाण्यात थोडी नीळ मिसळल्यास प्रवाह स्पष्ट दिसतो.

सर्वांत जास्त लक्ष पाण्याच्या तापमानाकडे द्यावे. शून्य अंशावरचा एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी लागतात, म्हणून १० अंशांचे आठ ग्रॅम पाणी फार तर एक ग्रॅम बर्फ वितळवते; तेवढे गार पाणी या कामाला योग्य. नळाचे कोमट पाणी सोडले, तर ते धार पडते तिथेच खड्डा करून आपली उष्णता संपवते. हिमनदीवरचे पाणी शून्याच्या अगदी जवळ असते, त्यामुळे तिथे ऊन आणि उतारावरच्या घर्षणाची उष्णता उपयोगी पडते. एक किलो पाणी ३४ मीटर खाली उतरते, तेव्हा कुठे एक ग्रॅम बर्फ वितळण्याइतकी उष्णता मिळते, पण प्रवाह मोठा आणि अखंड असल्यामुळे तेवढ्यावरही खोल घळी पडतात.

सलाईनच्या नळीने बारीक, सलग धार सोडावी आणि दर दहा मिनिटांनी माडाच्या हिराने वळणाच्या दोन्ही बाजूंची खोली मोजावी. वेगवान पाणी बाहेरच्या काठाला घासत जाऊन तिथे जास्त उष्णता देते, म्हणून तो काठ खालून पोखरला जातो आणि वळण बाहेर सरकते. आतला काठ जवळपास तसाच राहतो.

यानंतर दुसऱ्या लादीवर त्याच धारेत चिमूटभर बारीक वाळू सोडून ती वळणाच्या कोणत्या बाजूला थांबते, ते पाहावे आणि जवळच्या नदीतल्या वाळूच्या पट्ट्याशी ताडून घ्यावे.