आत्यालाही विचारा: स्तनाच्या कर्करोगाची आपली जोखीम कशी मांडावी

आमच्या घरी एक जाडजूड कुलवृत्तांत आहे. कोणता पूर्वज कोकणातून वर कधी आला, कोणाला कुठे नोकरी लागली, सगळं त्यात सापडतं. घरातल्या बायका कशानं गेल्या हे मात्र कुठेच नाही, आणि लग्न झालेल्या मुली तर पुढच्या पानावर गायबच. स्तनाच्या कर्करोगाची जोखीम मांडायला नेमकी हीच गाळलेली माहिती लागते.

आधी एक अट. स्तनात किंवा काखेत गाठ लागत असेल, त्वचेला खळी पडली असेल किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसत असेल, स्तनाग्र नव्यानं आत ओढलं गेलं असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि सर्जनला दाखवा. तिथे जोखीम मोजत बसायचं नसतं. 'दुखत नाहीये ना, मग बघू' हे तर मुळीच नको. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

पायरी १: दोन्हीकडची माणसं कागदावर

कागद आडवा धरा. मध्ये तुम्ही, एका बाजूला आईचं माहेर, दुसऱ्या बाजूला वडिलांकडची माणसं. आई, बहिणी, मुली, मग मावश्या, आत्या, दोन्ही आज्या. प्रत्येकीपुढे दोनच गोष्टी लिहा: कोणता कर्करोग आणि तो कितव्या वर्षी कळला. सत्तरीत झालेला आणि पस्तिशीत झालेला यांचं वजन सारखं नसतं. काकू, मामी, सासूबाई यात येत नाहीत, कितीही जीव असला तरी.

वडिलांची बाजू हमखास राहून जाते. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांतला दोष वडिलांकडूनही तितकाच येऊ शकतो. ज्याच्यात तो आहे त्याच्या प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता ५० टक्के. वडील ठणठणीत असतात, म्हणून कोणाच्या मनात शंका येत नाही. हा दोष असलेल्या बाईला आयुष्यात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या वर जाते, आणि बीजाशयाच्या (ओव्हरीच्या) कर्करोगाची जोखीमही वाढते. म्हणून तोही लिहायचा. घरातल्या एखाद्या पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला असेल तर ती नोंद ठळक करा.

विचारायचं कसं? 'कर्करोग होता का' असं थेट विचारलंत तर 'छे, आपल्यात नाही' हेच उत्तर येतं. भाऊबिजेला मी आत्याला नुसतं म्हटलं, "आजीची बहीण कशानं गेली गं?"

"पोट फुगायचं तिचं. ससूनला नेऊन पाणी काढायचे. चाळिशीही गाठली नाही बिचारीनं."

पोटात पाणी होण्याची कारणं अनेक, यकृतापासून क्षयापर्यंत. पण बीजाशयाचा कर्करोग हेही त्यातलं एक. मी निदान लिहिलं नाही, आत्याचे शब्दच लिहिले. त्यांचा अर्थ लावणं डॉक्टरांचं काम.

पायरी २: स्वतःचा हिशेब

वय, पाळी कधी सुरू झाली, कधी गेली, पहिलं बाळंतपण कितव्या वर्षी, सगळी मुलं मिळून किती महिने अंगावर पाजलं. पाळी लवकर येऊन उशिरा गेली, किंवा पहिलं मूल तिशीनंतर झालं, तर जोखीम थोडी वाढते. अंगावर पाजल्यानं कमी होते. पाळी गेल्यानंतर वाढलेलं वजन, दारू, संप्रेरकांच्या गोळ्या, पूर्वीची स्तनाची बायोप्सी, तरुणपणी छातीवर घेतलेलं रेडिएशन हेही लिहा. बायोप्सीचा रिपोर्ट असला तर मूळ कागदच काढून ठेवा. ब्रा किंवा डिओडरंट यांच्यासाठी रकाना नको. त्यांचा संबंध सिद्ध झालेला नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून चालते. तिथलं स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण पुण्या-मुंबईच्या मानानं बरंच कमी. उशिरा लग्न, एक-दोन मुलं, बैठी नोकरी हे शहरी आयुष्य त्यामागे बऱ्याच अंशी आहे. म्हणून कोणी लवकर लग्न करावं असं मी म्हणणार नाही. पण वजन आणि चालणं तरी आपल्या हातात आहे.

पायरी ३: ऑनलाइन गणकयंत्र, जपून

गेल मॉडेल सगळ्यात प्रसिद्ध. ३५ वर्षांपुढच्या बाईला पुढच्या पाच वर्षांतली शक्यता ते सांगतं. ते अमेरिकेतल्या बायकांच्या माहितीवर उभं आहे, आणि नात्यात फक्त आई, बहीण, मुलगी मोजतं. आत्या तिथेही गायबच! टायरर-क्युझिक मॉडेल दोन्हीकडची लांबची नातीही धरतं, पण तेही भारतीय बायकांवर बेतलेलं नाही. आकड्यानं घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं 'आठातली एक' हे प्रमाणही अमेरिकेतलं. आपल्याकडे ते बरंच कमी आहे. मात्र आपल्याकडे हा आजार सरासरी दहा वर्षं आधी गाठतो आणि उशिरा ओळखला जातो. २०२२ मध्ये देशात सुमारे १,९२,००० नवे रुग्ण आणि ९८,००० मृत्यू असा अंदाज होता.

पायरी ४: कागद घेऊन कुठे जायचं

एकाच बाजूच्या दोघी-तिघींना स्तनाचा किंवा कोणा एकीला बीजाशयाचा कर्करोग झालेला, पन्नाशीच्या आत निदान, दोन्ही स्तनांत आजार, किंवा पुरुषाला झालेला: यातलं काहीही दिसलं तर कर्करोगतज्ज्ञाकडून जनुकीय समुपदेशनाची चिठ्ठी घ्या. जनुकांची चाचणी शक्यतो आधी आजार झालेल्या व्यक्तीची करतात, म्हणून मावशी हयात असेल तर तिला तयार करा. आईला ४५ व्या वर्षी झाला असेल तर तपासण्या साधारण ३५ पासून सुरू करतात. तरुण वयात मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेच्या, जोडीला एमआरआयही सांगतात, कारण घट्ट स्तनात मॅमोग्राफीला नीट दिसत नाही.

यातलं काहीच नसेल तरी कागद फाडू नका. स्तनाचा कर्करोग झालेल्या बहुतेक बायकांच्या घरात तो आधी कोणालाच नसतो. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या बायकांची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी हातानं करतात. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात चौकशी करा. मुंबईत टाटा मेमोरियलनं दीड लाखांहून जास्त बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. दर दोन वर्षांनी केलेल्या अशा तपासणीमुळे पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले.

माझा कागद आता फाईलमध्ये, मॅमोग्राफीच्या रिपोर्टाच्या वर आहे. त्याचा फोटो आतेबहिणीला पाठवला. तासाभरानं तिचा फोन आला: "अगं, त्या आजीला आणखी एक मुलगी होती. ती राहिली."