सर्व्हर साइझिंग: जागा मोजली, राइट मोजायचे राहिले

पहिलं साइझिंग, म्हणजे सर्व्हर केवढा घ्यायचा याचा हिशोब, अंगावर आलं की आपण विचारतो युजर किती, डेटाबेस किती जीबी, पाच वर्षांत किती वाढेल. मीही एवढंच विचारलं होतं. युजर दीडशे, डेटाबेस १८० जीबी. ६०० जीबीच्या, दहा हजार आरपीएमच्या आठ डिस्क घेतल्या आणि रेड ५ केलं, म्हणजे एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकेल अशा पद्धतीने त्या एकत्र जोडल्या. चार टीबीच्या वर जागा मिळाली. रेड १० मध्ये प्रत्येक गोष्ट दोन डिस्कवर लिहितात, त्यात निम्मी जागा जाते, ती मला उधळपट्टी वाटली.

पहिल्याच महिनाअखेरीला इन्व्हॉइस पोस्टिंग अडकलं. सीपीयू १२ टक्के, रॅम मोकळी. अकाउंट्सच्या मॅडम माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या, बोलल्या काहीच नाहीत. परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये एका राइटला लागणारा सरासरी वेळ दिसत होता: ०.१८०. हा आकडा सेकंदांत असतो हे लक्षात यायलाही मला वेळ लागला. एकेका राइटला १८० मिलिसेकंद! वीसच्या पुढे गेलं तरी युजरला जाणवायला लागतं.

आता हे नीट वाचा, कारण मी इथेच फसलो. रेड ५ वर एक छोटा राइट म्हणजे डिस्कवर चार कामं: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (बिघडलेल्या डिस्कचा डेटा परत मिळवायची माहिती) वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा. रेड १० वर दोनच. माझी एक डिस्क साधारण १४० आयओपीएस (सेकंदाला इतके रीड-राइट) द्यायची, म्हणजे आठ मिळून ११२०. महिनाअखेरीचा लोड ६०० आयओपीएस, त्यात ४० टक्के राइट. म्हणजे ३६० रीड आणि २४० राइट. रेड ५ वर ३६० अधिक २४० गुणिले ४, झाले १३२०. ते ११२० मध्ये बसणार कसे? रेड १० वर हेच ८४० होतात. दोन ओळींचा हिशोब, पण मी मांडलाच नव्हता.

टेस्टिंगमध्ये हे दिसलं नाही, कारण टेस्ट दहा मिनिटांची होती. तेवढे राइट रेड कंट्रोलरच्या कॅशेने, म्हणजे त्याच्या तात्पुरत्या मेमरीने, पोटात घेतले. महिनाअखेर तासन्‌तास चालते. कॅशे भरली आणि डिस्कचा खरा वेग उघडा पडला.

आता सगळीकडे एसएसडी आहे, मग काळजी कशाला, असं म्हणू नका. क्लाउडवर हाच सापळा वेगळ्या नावाने बसलाय. एडब्ल्यूएसची (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची) १०० जीबीची जीपी२ प्रकारची डिस्क मुळात ३०० आयओपीएसची. साठवलेल्या क्रेडिटवर, म्हणजे राखीव आयओपीएसवर, ती अर्धा तास ३००० ने पळते, मग खाली येते. वीस मिनिटांची टेस्ट तिथे हमखास पास होते. निदान दोन तास तरी लोड चालवा.

माझ्या सीनियरनी तेव्हा 'रॅम वाढव' असं सांगितलं. माणूस चांगला, पण हे उत्तर सवयीचं होतं. रॅमने डिस्कवरचे रीड कमी होतात. कमिट, म्हणजे बदल पक्का करणं, मात्र त्याची नोंद (लॉग) डिस्कवर पोचल्याशिवाय पूर्ण होत नाही, तिथे रॅमचा उपयोग शून्य. जो सल्ला देण्याआधी परफॉर्मन्स मॉनिटरचे काउंटर उघडत नाही, त्याच्या सल्ल्यावर खरेदी करू नका. निव्वळ युजरसंख्येवर चालणाऱ्या व्हेंडरच्या शीटबद्दलही माझं हेच मत आहे. सॅप या बिझनेस सॉफ्टवेअरवाले सॅप्स नावाच्या मापात मोजतात: १०० सॅप्स म्हणजे तासाला २००० ऑर्डर लाइन आयटम. काम मोजायचं ते असं. तुमच्या सॉफ्टवेअरला असं माप नसेल तर ग्राहकाला विचारा, सर्वांत गर्दीच्या तासाला किती बिलं, एका बिलात किती ओळी. टेबलवरचे इंडेक्स मोजा, प्रत्येक इंडेक्स म्हणजे आणखी राइट. जुनी सिस्टीम चालू असेल तर सोपंच आहे, एक महिनाअखेर काउंटर लावून ठेवा.

घाबरू मात्र नका. पहिला अंदाज सगळ्यांचाच चुकतो. गृहीतकं लिहून ठेवली असतील तर कुठे चुकलं ते तासाभरात सापडतं. माझ्याकडे ती लिहिलेली नव्हती, म्हणून चार दिवस गेले.

शेवटी एका सुट्टीच्या रात्री बॅकअप घेतला, रीस्टोअर करून खात्री केली, रेड मोडून रेड १० केलं आणि डेटा परत चढवला. जागा २.४ टीबी उरली, १८० जीबीच्या डेटाबेसला तीही रग्गड होती. पुढच्या महिनाअखेरीला तोच काउंटर उघडून दिवसभर बसलो. ०.००६.