गाणं एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना: ऑडिओ आणि मिडी

गाणी रेकॉर्ड आणि मिक्स करण्याचे प्रोग्रॅम एकमेकांच्या फाइल ओळखत नाहीत: लॉजिकचा प्रोजेक्ट क्युबेसमध्ये उघडत नाही, एफएल स्टुडिओचा रीपरमध्ये उघडत नाही. कुठली क्लिप कुठे आहे, कुठल्या प्लगइनचं कुठलं बटण किती फिरवलंय, हे प्रत्येक प्रोग्रॅम आपल्याच पद्धतीने लिहून ठेवतो. त्यामुळे न्यायच्या गोष्टी दोन: प्रत्येक ट्रॅकचा ऑडिओ, आणि सिंथ-ड्रमसारख्या ट्रॅकच्या मिडी नोट्स, म्हणजे कुठला सूर कधी आणि किती जोरात वाजवायचा याची नोंद; तिच्यात आवाज नसतो. जिथे मिडी आहे तिथेही ऑडिओ काढाच. ज्याला फाइल पाठवताय त्या समोरच्याकडे तोच सिंथ नसेल, तर मूळ आवाज काय होता हे मिडीवरून कधीच कळणार नाही.

काढण्याआधी

प्रोजेक्ट आधी वेगळ्या नावाने सेव्ह करा आणि पुढची सगळी मोडतोड त्या प्रतीवर करा. मास्टरवरचा (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात त्या चॅनेलवरचा) लिमिटर, कॉम्प्रेसर, ईक्यू बंद करा. कुठे सोलो किंवा म्यूट दाबलेलं राहिलंय का ते बघा. रिकाम्या फाइल निघण्याचं नेहमीचं कारण हेच.

सगळ्यात महत्त्वाचा नियम एकच: प्रत्येक फाइल एकाच बिंदूपासून सुरू झाली पाहिजे. बासरी तिसऱ्या मिनिटाला एकदाच वाजत असेल, तरी तिची फाइल पहिल्या बारपासून (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट), बासरीच्या आधीची जागा शांततेने भरूनच निघाली पाहिजे. मग समोरचा माणूस सगळ्या फाइल शून्यावर ठेवतो आणि काम संपतं. पहिल्या बारच्या आधी उचल असेल, तर सगळं गाणं एक बार पुढे सरकवा, नाहीतर ती कापली जाईल. शेवटी रिव्हर्ब (घुमारा) विरेपर्यंत दोनचार बार जास्त घ्या.

फॉरमॅट: वेव्ह, २४ बिट, प्रोजेक्टचा जो सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं) असेल तोच. एखादा ट्रॅक शून्य डीबीच्या वर जात असेल तर ३२ बिट फ्लोट घ्या. २४ बिटमध्ये वरचा भाग कायमचा छाटला जातो, फ्लोटमध्ये नंतर खाली आणता येतो. नॉर्मलाइझ बंद, कारण ते प्रत्येक फाइल वेगवेगळ्या प्रमाणात वर उचलतं आणि ट्रॅकांमधलं प्रमाण बिघडतं. डिदरही (बिट कमी करताना मिसळलेला हलका नॉइज) बंद, त्याचं काम अगदी शेवटी, १६ बिटवर उतरताना. एमपी३ तर नकोच. आवाजाचा दर्जा हा त्यातला दुय्यम मुद्दा आहे. एन्कोडर फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता घालतो आणि ट्रॅक काही मिलिसेकंदांनी मागे पडतो. २५ मिलिसेकंद मागे पडलेली किक कानाला लगेच टोचते.

मोनो ट्रॅक मोनोच काढा. पण पॅन लॉ लक्षात ठेवा: मधोमध ठेवलेला मोनो आवाज काही प्रोग्रॅम ३ डीबी कमी करतात, काही करत नाहीत. एक्सपोर्टनंतर फक्त मोनो ट्रॅकच मोठे किंवा बारीक वाटले, तर संशय आधी यावर घ्या आणि दोन्हीकडची सेटिंग जुळवा.

सेंडवरचे (अनेक ट्रॅकना मिळून लावलेले) रिव्हर्ब आणि डिले वेगळ्या फाइल म्हणून द्या. इफेक्ट हा आवाजाचाच भाग असेल, उदाहरणार्थ गिटारचा ॲम्प सिम्युलेटर, तर तो ठेवून एक फाइल आणि कोरडी एक. नावं रोमन लिपीत आणि आकड्याने सुरू होणारी ठेवा, म्हणजे क्रम टिकतो. तिरपी रेघ, कोलन, प्रश्नचिन्ह टाळा. विंडोजला ही चिन्हं फाइलच्या नावात चालत नाहीत.

कुठल्या प्रोग्रॅममध्ये काय

लॉजिकमध्ये फाइल, एक्सपोर्ट, मग ‘ऑल ट्रॅक्स ॲज ऑडिओ फाइल्स’. तिथे ‘इन्क्लूड ऑडिओ टेल’ चालू करा, म्हणजे शेवटचा घुमारा कापला जात नाही.

एबलटन लाइव्हमध्ये ‘एक्सपोर्ट ऑडिओ/व्हिडिओ’ उघडून ‘रेंडर्ड ट्रॅक’मध्ये ‘ऑल इंडिव्हिज्युअल ट्रॅक्स’ निवडा आणि सुरुवात १.१.१ करा. रिटर्न (सेंडचे इफेक्ट असलेले ट्रॅक) आणि मेनचे (मास्टरचे) इफेक्ट जोडण्याचा पर्याय बंद ठेवा. नाहीतर रिव्हर्ब प्रत्येक स्टेममध्येही (ट्रॅकच्या वेगळ्या काढलेल्या फाइलमध्ये) येईल, वेगळ्या फाइलमध्येही येईल, आणि एकत्र वाजवल्यावर गाणं विहिरीत पडल्यासारखं वाटेल.

क्युबेसचं ‘ऑडिओ मिक्सडाउन’ डाव्या आणि उजव्या लोकेटरच्या (सुरुवात-शेवटाच्या खुणांच्या) मधलाच भाग काढतं. लोकेटर आधी लावा, मग चॅनेल निवडताना ‘मल्टिपल’. रीपरमध्ये रेंडरच्या खिडकीत सोर्स म्हणून स्टेम्स आणि हद्द म्हणून ‘एंटायर प्रोजेक्ट’. एफएल स्टुडिओत ‘स्प्लिट मिक्सर ट्रॅक्स’ आणि टेलसाठी ‘लीव्ह रिमेन्डर’. एफएलमध्ये फाइल चॅनेलची नाही, मिक्सर ट्रॅकची निघते. दहा वाद्यं एकाच मिक्सर ट्रॅकवर सोडलेली असतील तर फाइलही एकच निघेल. आधी त्यांना वेगळं राउट करा.

प्रो टूल्समध्ये ‘कन्सॉलिडेट’ करून क्लिप बाहेर काढता येतात, पण त्यात इन्सर्ट (ट्रॅकवरचे इफेक्ट) आणि फेडर (ट्रॅकची पातळी) येत नाहीत. इफेक्टसकट हवं असेल तर ‘ट्रॅक बाउन्स’ वापरा.

मिडी

मिडी फाइलचे नेहमीचे प्रकार दोन. टाइप ० मध्ये सगळं एकाच ट्रॅकमध्ये ओतलेलं असतं. टाइप १ मध्ये ट्रॅक वेगळे राहतात आणि टेम्पोचे बदलही बरोबर येतात. टाइप १ घ्या. गाण्यात टेम्पो बदलत असेल, तर नुसता ऑडिओ देतानाही अशी एक मिडी फाइल जोडा. समोरच्याने ती आधी रिकाम्या प्रोजेक्टमध्ये आणायची, ऑडिओ त्यानंतर. लाइव्हमधून मिडी एकेका क्लिपची निघते, म्हणून तिथले टेम्पोचे बदल कागदावर लिहून द्या.

टेम्पो दशांशासकट लिहा. मूळ गाणं ९२.५ चं आणि समोर ९२ टाकलं, तर चार मिनिटांच्या शेवटी मिडी ऑडिओच्या १.३ सेकंद मागे असते. सुरुवात मात्र चपखल जुळलेली असल्यामुळे चूक बराच वेळ लक्षात येत नाही.

नोट्स पडद्यावर दिसतात तशाच फाइलमध्ये असतात असं नाही. लॉजिकमधला रीजनचा (क्लिपचा) क्वांटाइझ किंवा ट्रान्सपोझ, लाइव्हमधला ग्रूव्ह, क्युबेसमधले मिडी मॉडिफायर हे वाजवताना वरून लागतात. एक्सपोर्टआधी ते नोट्समध्ये पक्के करा: क्युबेसमध्ये ‘फ्रीझ मिडी मॉडिफायर्स’, लाइव्हमध्ये ग्रूव्हचं ‘कमिट’. लॉजिकमधले लूप आणि एलियस (मूळ रीजनला जोडलेल्या प्रती) खऱ्या रीजनमध्ये बदला. आर्पेजिएटरने तयार केलेल्या नोट्स फाइलमध्ये हव्या असतील, तर त्याचं आउटपुट दुसऱ्या मिडी ट्रॅकवर रेकॉर्ड करावं लागतं. एफएल स्टुडिओत ‘प्रिपेअर फॉर मिडी एक्सपोर्ट’ हा मॅक्रो चालवावा लागतो. तो सगळी वाद्यं काढून त्यांच्या जागी मिडी आउट बसवतो, तेव्हा मूळ प्रोजेक्टवर तो चालवून सेव्ह केलात तर वाद्यं गेलीच.

सप्तक चुकलंय असं वाटलं तर नावावर जाऊ नका, नोटच्या क्रमांकावर जा. क्रमांक ६० ला काही प्रोग्रॅम सी३ म्हणतात, रीपर सी४ म्हणतो, एफएल स्टुडिओ सी५. नोट तीच असते. ड्रमचं मात्र खरोखर बिघडतं: जनरल मिडीत ३६ म्हणजे किक, ३८ स्नेअर, ४२ बंद हायहॅट, ४६ उघडा, पण अनेक ड्रम सॅम्पलर आपली वेगळीच मांडणी वापरतात. म्हणून ड्रमची मिडी देताना कुठला क्रमांक कुठला आवाज, ही यादी जोडा.

सगळ्यात फसवी भानगड पिच बेंडची, म्हणजे सूर वरखाली सरकवणाऱ्या कीबोर्डवरच्या चाकाची. फाइलमध्ये चाक किती फिरवलं एवढंच असतं; त्याने सूर किती सरकायचा हे वाद्य ठरवतं. बहुतेक वाद्यांत ते वरखाली २ सेमीटोन असतं. तुम्ही १२ लावून मींड घेतली असेल आणि समोर २ असेल, तर पूर्ण सप्तकाची मींड दोन सेमीटोनवर अडते आणि वाजवणारा बेसूर वाटतो. बेंड रेंज लिहून द्या. आणि नोट्स चिकटून वाजतच राहिल्या, तर कंट्रोलर ६४ म्हणजे सस्टेन पेडल बघा: क्लिप मध्येच कापल्यामुळे पेडल सोडल्याची नोंद राहून गेलेली असते. क्लिपच्या शेवटी ६४ ची किंमत ० टाका.

एएएफ फाइल क्लिप, त्यांच्या जागा, फेड हे सगळं नेते, पण प्लगइन आणि मिडी नेत नाही. चित्रपटाच्या कामात ती ठीक. बिटविग आणि प्रीसोनस या सॉफ्टवेअर कंपन्यांनी २०२३ मध्ये आणलेला डॉ-प्रोजेक्ट (DAWproject) हा फॉरमॅट याहून बरंच काही नेतो. पण पाठवणारा आणि घेणारा, दोन्ही प्रोग्रॅम तो ओळखत असले तरच. तो पाठवलात तरी स्टेम्स जोडाच.

समोरच्या बाजूला

आधी प्रोजेक्टचा सॅम्पल रेट, मग टेम्पो, मग फाइल आणा. ४८ किलोहर्ट्झची फाइल ४४.१ समजून वाजली, तर चार मिनिटांचं गाणं ४ मिनिटं २१ सेकंदांचं होतं आणि सूर जवळजवळ दीड सेमीटोन उतरतो. लाइव्हमध्ये ‘ऑटो-वॉर्प लाँग सॅम्पल्स’ आधीच बंद करा. नाहीतर तो स्टेमचा टेम्पो स्वतःच्या अंदाजाने ठरवतो आणि प्रत्येक फाइल वेगवेगळी ताणतो.

पाठवणाऱ्याने मास्टर बंद ठेवून काढलेला एक पूर्ण मिक्सही द्यायचा. तो स्टेम्सच्या शेजारी ठेवा, त्याची पोलॅरिटी उलटी करा (ध्वनिलहरीची वरची बाजू खाली) आणि सगळं एकत्र वाजवा. शांतता आली तर सगळं जुळलं. एखादं वाद्य स्पष्ट ऐकू आलं तर त्याची फाइल राहिलीय, सरकलीय किंवा दोनदा आलीय. मोनो ट्रॅकच मागे हलके वाजत असतील तर पॅन लॉ. नुसती कोरस किंवा रिव्हर्बची भुरभुर उरली तर सोडून द्या. हे इफेक्ट प्रत्येक वेळी थोडे वेगळे वाजतात आणि पूर्ण कधीच कटत नाहीत.